केतकीच्या अभ्यासाचं प्लॅनिंग

चार मराठी घरं एकाच पार्किंग लॉटभोवती राहायला लागली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. फ्रीजरमधल्या डब्यांसारखे आपोआप साठतात. आमचं डब्लिन म्हणजे ओहायोतलं हं, आयर्लंडचं नव्हे. इथे हिवाळ्यात कुणाला कुठे जाता येत नाही, त्यामुळे एकमेकांच्या घरी जाऊन एकमेकांच्या आयुष्यात लक्ष घालणं एवढाच उद्योग उरतो. गेल्या वर्षी आम्ही सगळ्यांनी केतकीच्या अभ्यासात लक्ष घातलं.

केतकी माझ्या समोरच्या अपार्टमेंटमध्ये राहते. पुण्यात एका बँकेत अख्खी टीम सांभाळायची. नवऱ्याला, म्हणजे मंदारला, इकडची नोकरी लागली आणि ही डिपेंडंट व्हिसावर आली. त्या व्हिसावर नोकरीला परवानगी नाही. पार्टीत कुणी "तुम्ही काय करता?" विचारलं की तिचा चेहरा एवढासा व्हायचा. शेवटी तिने ठरवलं की एमबीए करायचं. ॲडमिशन मिळाली की स्वतःचा व्हिसा, पुढे स्वतःची नोकरी. त्यासाठी आधी एन्ट्रन्स द्यायची. तिने हे शनिवारी सकाळी चहा पिताना सांगितलं.

मंदार एका इन्शुरन्स कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. संध्याकाळपर्यंत त्याची एक्सेल शीट तयार! मॅथ्सला निळा रंग, रीडिंगला पिवळा, रिव्हिजनला हिरवा. केतकी पुस्तक उघडून बसली तर हा धावत आला.

"अगं थांब, थांब! प्लॅन अजून फायनल नाहीये!"

*

प्लॅन फायनल झाला तर नागपूरहून मंदारच्या आईंचा व्हिडिओ कॉल. "एवढं मोठं काम, दसऱ्यालाच सुरू करा बाई. मुहूर्त बघायला लागत नाही."

दसऱ्याला पाटावर सरस्वती काढली, पुस्तकांना हळदकुंकू वाहिलं. प्रॅक्टिस टेस्ट लॅपटॉपवर, म्हणून लॅपटॉपचीही पूजा झाली. स्पेसबारवर झेंडूचं फूल. पूजा आटोपून केतकीने पुस्तकाला हात लावला मात्र, व्हिडिओ कॉलवरून आई ओरडल्या.

"अगंबाई, पूजेतलं पुस्तक आज उचलायचं नसतं! उद्या उत्तरपूजा झाली की घे."

आता 'उद्या' नागपूरचा की ओहायोचा, यावर मायलेकांची चांगली अर्धा तास चर्चा झाली. दोन्ही पाळायचे ठरले. आणि मंदारने शीटमध्ये त्या दिवसासमोर टिक केली. "अभ्यास सुरू. ऑन टाइम!"

*

दर रविवारी दहा वाजता रिव्ह्यू मीटिंग. मंदार, माझा नवरा शेखर, मी आणि शेजारचे जोशीकाका. काका रिटायर्ड आहेत, त्यांनी फार पूर्वी एमबीए केलं होतं आणि तेव्हापासून ते कुणीतरी सल्ला विचारायची वाट बघत होते. मंदार टीव्हीवर शीट लावायचा आणि हातातल्या चमच्याने निळा-पिवळा रंग दाखवायचा. पोहे फर्स्ट क्लास असायचे, उगाच का खोटं बोलू? मीसुद्धा दोनदा घ्यायचे.

एकदा शेखरने विचारलं, "अरे, पण केतकी कुठाय?"

"पोहे करतेय," मंदार म्हणाला. "ती ऑप्शनल अटेंडी आहे."

*

माझा मुलगा नील इथेच जन्मला, इथेच एमबीए झाला, आता शिकागोत असतो. म्हटलं, त्याला स्पीकरवर घेऊ, घरचा एक्सपर्ट आहे. मंदारने शीट शेअर करून त्याला पाऊण तास समजावली. नीलने शांतपणे ऐकून घेतलं.

"ओके मंदारकाका, धिस इज ग्रेट. बट व्हेन डझ शी ॲक्च्युअली स्टडी?"

आतून कुकरची शिट्टी आली.

"गुड क्वेश्चन," मंदारने नोंद करून घेतली. "त्यासाठी आपण सेपरेट मीटिंग ठेवू या."

*

इंडियन ग्रोसरीत गेलो होतो सगळे. केतकी कोथिंबीर निवडत होती, मंदार कार्ट धरून उभा, तेवढ्यात जोशीकाकांनी तिला भेंडीच्या क्रेटपाशी गाठलं.

"सांग बघू पटकन! एक नळ टाकी भरतोय, दुसरा नळ तीच टाकी रिकामी करतोय. टाकी भरणार कधी?"

केतकीने कोथिंबिरीवरून नजरही काढली नाही. "दुसरा नळ ऑफिसला गेला की, काका!"

मी तोंडावर ओढणी धरून मागच्या मसाल्यांच्या रांगेत पळाले. मंदार मात्र गंभीर. मला बाजूला घेऊन म्हणतो कसा, "मेधाताई, हिचं लॉजिक वीक आहे हो. दोन आठवडे वाढवावे लागतील."

*

डिसेंबरात ख्रिसमसचे सेल लागले. एका शनिवारी केतकी म्हणाली, मला मॉलपाशी सोड, दुपारी घ्यायला ये. मंदार जाम वैतागला. शीटप्रमाणे त्या दिवशी पिवळा रंग होता! पण त्यांच्या सात वर्षांच्या लेकीने, इराने, मध्ये पडून सांगितलं, "बाबा, लेट हर गो. शी नीड्स अ ब्रेक." मग काय, सोडलं.

दुपारी ही परत आली ती रिकाम्या हातांनी. डोळे थकलेले, गाल लाल, पण खुशीत. मी तेव्हा त्यांच्याकडेच होते.

"काहीच नाही घेतलंस?" मंदारला विश्वासच बसेना.

"हवं होतं ते मिळालं. घरपोच येईल."

"बरं. रिटर्न पॉलिसी बघितलीस ना?"

*

आणि मग फेब्रुवारीतला तो रविवार. बाहेर गुडघाभर बर्फ, आत मीटिंग. मंदार उभा राहिला. "मला वाटतं परीक्षा मे महिन्यात ढकलावी." काकांनी मान डोलावली. मला मात्र राहवलं नाही.

"अरे, किती ढकलशील? करू दे की तिला!"

तो एकदम खाली बसला. "मेधाताई, माझ्यामुळे तिची नोकरी गेली. रोज सकाळी मी ऑफिसला निघतो आणि ती दारात उभी असते, ते बघवत नाही हो मला. यात तिचं काही चुकायला नको, एवढंच." चेष्टा करायची माझी हिंमतच झाली नाही. मला तो तेव्हा पहिल्यांदा मनापासून आवडला.

केतकी दारात येऊन उभी होती. पदर नव्हता, नाहीतर डोळ्यांना लावला असता.

"मंदार, परीक्षा मी डिसेंबरात दिली. तूच सोडलं होतंस मला. स्कोअर चांगला आलाय. शिकागोच्या कॉलेजने इंटरव्ह्यूला बोलावलंय, शुक्रवारी. गुरुवारी सकाळी निघतेय, शनिवारी परत येईन."

काका उठून टाळ्या वाजवायला लागले. शेखरने शिट्टी मारली. मी तर रडलेच! मंदार उठून तिच्यापाशी गेला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू प्लॅन केला असतास."

तो हसायला लागला, मग डोळे पुसत पुन्हा हसला. सगळ्यांसमोर तिला मिठी मारली. म्हणाला, "तू अजिबात काळजी करू नकोस. बिनधास्त जा. घर, इरा, सगळं मी बघतो. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे!"

लगेच लॅपटॉप पुढे ओढला, नवीन शीट उघडली आणि वर टाइप केलं, 'गुरुवार'. मग त्याची बोटं थांबली. त्याने माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. शेवटी केतकीकडे वळून हळूच विचारलं,

"केतकी, इराची शाळा किती वाजता सुटते गं?"