आठ दिवस वाजवून पाहा

तहसील कचेरीच्या कुंपणालगत माझे टेबल आहे, आणि टेबलाला लागून ज्याचे टिनाचे छप्पर आहे त्या सुताराइतका विक्रीच्या कामास सर्वस्वी अपात्र मनुष्य उभ्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी प्रतिज्ञेवर लिहून देण्यास तयार आहे. बावीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहीत आलो. माणूस पारखण्याचा माझा अधिकार दारव्ह्यात कोणी नाकारीत नाही. परंतु हा गृहस्थ माझ्या कोणत्याही नमुन्यात बसला नाही. कोणी खाट मागितली की हा आधी विचारणार, "निजणार कोन हाय?" आणि निजणारा माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फळीला हात लावणार नाही. एका ठाणेदाराला त्याने खुर्ची करून दिली आणि पैसे घेताना हात जोडून सांगितले, "डावा पाय जरासा कच्चा हाय, साहेब. रागात बसू नका."

पुढे कापसाची वाईट वर्षे आली. माझे टेबल अर्जांनी भरून गेले आणि त्याचे छप्पर ओस पडले, कारण तिफणी-वखरे कोणी करून घेईना. त्याच सुमारास एका शिक्षकाने मोडकी गिटार दुरुस्तीस आणली. त्याने ती उघडली, आत डोकावला आणि मला हाक मारली, "ओ मुन्शीजी, इकडे या! आत तं काहीच नाही. मंग बोलते कोन?" शिक्षकाची गिटार चार दिवसांत परत गेली, हा प्रश्न मात्र त्याच्यापाशीच राहिला. दीड वर्ष खपून त्याने स्वतः एक गिटार घडवली. पाठ जुन्या सागवानी दाराची, पुढची पातळ फळी देवदारी खोक्याची, मान शिसमाची. तिच्या कडेवरून बोट फिरवले तर जोड कुठे आहे ते कळत नसे. त्याची बायको डबा घेऊन आली की मला साक्षीला धरी, "पाहा भाऊजी! घरच्या खाटेचा पाय तीन वर्षांपासून मोडला, अन् हे गिटार बनवून राह्यले!"

तिचा संताप अनाठायी नव्हता. गिटार विकली गेली तर येथेच हत्यारे चालवायची, न गेली तर रंधा-पटाशी पेटीत घालून पुण्यास सेंट्रिंगच्या फळ्या ठोकायला जायचे, असे त्या दोघांत ठरले होते. तिकडच्या मुकादमाचे फोन सुरू झाले होते. सबब मी विनामोबदला जाहिरात लिहिली : "सुबक, मजबूत व निर्दोष गिटार विकणे आहे." त्याने ती ऐकली आणि 'निर्दोष' हा शब्द खोडायला लावला. "बैल विकतांना खोड सांगतो का नाही आपण? लिहा, पावसाळ्यात तिसरी तार रुसते." मी हात जोडले, पण लिहिले आणि ती पाटी त्याच्या छपराला टांगली.

बाजाराच्या दिवशी ती पाटी वाचून बाभुळगावच्या एक नर्सबाई थांबल्या. बाकावर बसून त्यांनी गिटार वाजवली, तेव्हा माझ्यासमोरचे दोन अर्जदार आपली तक्रार सांगायचे विसरले. बाई पर्स उघडू लागल्या. हा म्हणतो, "आज पैसे नको, बाई. बैल कसा आठ दिवस जुंपून पाह्यतेत? तशी घरी नेऊन वाजवून पाह्य. पटली तं ठेव."

मी ताडकन उठलो. "अहो, निदान पावती तरी घ्या!"

"पावती कायले? बाईच्या बोटाले तारेचे घट्टे हायेत. पाह्यलं ना मी."

गिटार गेली. सातव्या दिवशी मुकादमाने रेल्वेची तारीख कळवली. आठव्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाई आल्या नाहीत. "बस चुकली असन," तो म्हणाला, आणि पटाशीला धार लावत बसला; ती पटाशी सकाळपासून धारदारच होती. मी मात्र पोलिसांत द्यावयाच्या तक्रारीचा मसुदा तयार करून ठेवला होता.

नवव्या दिवशी दुपारी बाई आल्या, रिकाम्या हातांनी. मी तो मसुदा हाताशी ओढला.

"काका, काल ड्युटी होती. गिटार नाही आणली, पैसे आणले."

"तिसरी तार?" त्याने आधी हेच विचारले.

"रुसली ना! मी बी रुसते कधीकधी. आमचं जमून राह्यलं."

मसुदा मी हळूच रजिस्टरखाली सरकवला. त्याने मुकादमाला फोन लावला आणि फक्त एवढेच म्हणाला, "दुसरा मानूस पाहून घ्या, भाऊ." मग गिटार टांगायच्या रिकाम्या खुंटीकडे पाहत तो बराच वेळ उभा राहिला. मुलगी सासरी गेल्यावर माणूस असाच उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी तो सागवानाची ओली फळी खांद्यावर घेऊन आला. "ह्या फळीची गिटार कधी तयार होणार?" मी विचारले.

"आधी लाकूड तं वाळू द्या. दोन उन्हाळे लागतेत. अन् तिले ऊन नको, सावली अन् वारा पायजे."

माझ्या टेबलाशी बसणारी माणसे त्या दिवसांत पुढच्या हंगामाचे नाव काढायलाही कचरत, आणि हा मात्र दोन उन्हाळे निवांत मागत होता. मी माझी अर्जांची पेटी भिंतीपासून ओढली आणि फळीला सावलीत जागा करून दिली.