विजेची गाडी आणि वस्तीची गाडी

महाडच्या सभेत पुढाऱ्याने विजेच्या गाड्यांच्या चित्रावरचा पडदा ओढला, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिला. महाडच्याच शाळेत मास्तर असल्यामुळे आभारप्रदर्शनही माझ्याच गळ्यात पडलं होतं. अख्खा ताफा येणार होता म्हणे. रेल्वेच्या रुळांवरून सुसाट यायचं, बाजारपेठेत शिरलं की रस्त्यातल्या रुळांवरून हळू चालायचं, आणि पोलादपूरहून एक फाटा थेट आमच्या वाडीला. चित्रात गाडी निळी होती, प्रवासी गोरेपान होते आणि आमचा डोंगर कुणीतरी पुसून टाकला होता. मी 'सुवर्णक्षण' हा शब्द तीनदा वापरला.

वाडीत तेव्हा वस्तीची गाडी यायची. बस संध्याकाळी मुक्कामाला, ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या पडवीत, जेवणाची पाळी रोज एका घराची. सकाळी सहाला तीच बस महाडला निघायची आणि माझी आई भाजीची पाटी घेऊन तिच्यात असायची. वडील गेल्यापासून तिचा हाच धंदा. मी पैसे पुढे केले की म्हणायची, "पाटी हाय तवर मी कुनाची मिंधी नाय."

विजेची गाडीही वस्तीलाच राहणार, हे वाडीने परस्पर ठरवून टाकलं. बैठक बसली. गाडीवर कामाची माणसं चार तरी असणार, म्हणून पाळी दोन-दोन घरांची लागली. पडवी सारवली. त्यांना नाचणीची भाकरी चालेल का, यावर तासभर खल झाला. मी हे सगळं महाडला माझ्या शाळेत रंगवून सांगितलं आणि पोट धरून हसलो.

मग वरून हुकूम आला. नवी गाडी येणारच आहे, तर जुनी कशाला? रुळांचा पत्ता नाही, तारांचा नाही, वस्तीची गाडी मात्र बंद. आई पाटी डोक्यावर घेऊन डोंगर उतरू लागली, खाली मिनिडोर रिक्षा मिळेल तेव्हा मिळेल. महाडला पोचेपर्यंत गिऱ्हाईक घरी जाऊन भाजी शिजवत असायचं.

दोन महिन्यांनी पाहणीला साहेब आले. किती प्रवासी चढतात ते मोजायला सकाळपासून वाडीच्या थांब्यावर उभे. दुपारी आई अर्धी भरलेली पाटी घेऊन परतली.

"आजी, इथून कुणीच जात नाही का?"

"बसच नाय, तर थांब्यावर कशाला येतील रे बाबा?"

साहेबांनी कागदावर शून्य लिहिलं. वाडीचा फाटा रद्द झाला. सभेतल्या त्या चित्राचा फलक अजून महाडच्या चौकात आहे, निळी गाडी उन्हाने पांढरी पडलीय.

गेल्या महिन्यात आई पाटी शेजारणीला देऊन माझ्याकडे महाडला राहायला आली. परवा तिने मिश्रीसाठी पैसे मागितले, मान खाली घालून. आयुष्यात पहिल्यांदा. मला माझीच लाज वाटली. पैसे घेऊन ती आत गेली. आभार मी सभेत आधीच मानून आलो होतो.