हळदीकुंकू बदक आणि कमलाअक्का

कमलाअक्का नव्या माणसाला नाव विचारत नसत. सोसायटीलगतच्या तळ्याकडे बोट दाखवून विचारत, "ते काय आहे, सांग." बंगळुरात व्हाइटफील्डला नुकताच राहायला आलेला मी म्हणालो, "बदक."

"बदक! दुकानात जाऊन नुसतं 'कापड द्या' म्हणतोस काय? स्वल्प डोळे उघड. चोच काळी, टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. अंगभर खवले. हळदीकुंकू ते! आणि उभं कुठे आहे? उथळ पाण्यात, गवताला धरून. निम्मी ओळख पिसांत, निम्मी जागेत."

अक्का बंगळुरातल्या जुन्या मराठी घरातल्या. जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेलं. मूर्खाशी गोड बोलणं त्यांना लबाडी वाटे.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दामले हे त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. दामल्यांनी हातभर लांब लेन्स घेतली आणि ग्रुपवर जाहीर केलं, की तळ्यात मॅलर्ड नावाची परदेशी पाहुणी आली आहे. तिला नीट बघता यावं म्हणून काठचं गवत काढून कट्टा बांधायचंही ठरलं.

"जिला बघायचं तिचंच घर उपटायचं," अक्का म्हणाल्या. "शिकलेली माणसं ना ही!"

गवत कापायला माणसं आली, तेव्हा अक्का प्लॅस्टिकची खुर्ची टाकून त्यांच्या वाटेत बसल्या. मागे गवतात हळदीकुंकवाची मादी अंड्यांवर बसली होती. दामले धावत आले.

"अक्का, पक्षी ओळखायचं ॲप मॅलर्ड म्हणतंय. मॅलर्ड इथे अंडी घालत नाही."

"सरी, ठीक आहे. मग अंड्यांना जाऊन तसं सांग."

कापणारी माणसं खो खो हसली आणि कोयते गुंडाळून निघून गेली. अक्का मात्र रोज सकाळी येऊन बसत राहिल्या. अखेर एकदा आईमागून पिल्लांची रांग पाण्यात उतरली. मी अभिनंदन केलं, तर खेकसल्या, "माझं कसलं? मी उबवली काय अंडी?" पण त्या दिवशी दुपारपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

दामल्यांनी पिल्लांचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या प्रयत्नांना यश'.

पुढच्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. तेरावा व्हायच्या आत काठ साफ झाला. आता तिथे ग्रॅनाइटचा कट्टा आहे. संध्याकाळी दामले त्यावर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गंभीरपणे सांगतात, "हल्ली पक्षी येत नाहीत. हवामान बदललंय."