थानसाहेबांचं वर्तुळ

थान पेइयुआन आमच्या जिल्ह्याचे उपप्रमुख झाले, तेव्हा त्यांच्याकडे क्रांतीतल्या दोनच गोष्टी उरल्या होत्या : खांद्यात अडकलेली गोळी आणि घोरणं. दोन्ही मला त्यांच्या बायकोनं सांगितल्या. मी कुणाच्या घरात डोकावत नाही. सत्तावीस वर्षं त्यांचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेले, एवढंच.

आमच्याकडे कागद वाचला की साहेब त्यावर आधीच लिहिलेल्या आपल्या नावाभोवती वर्तुळ काढतो. म्हणजे नजरेखालून गेला. होही नाही, नाहीही नाही. थानसाहेबांचं वर्तुळ असं, की जणू वाटी उपडी ठेवून काढलंय.

त्यांच्या टेबलावर दरवर्षी लुओवहिनींचा अर्ज यायचा. नवरा लुओ शिछुन एकोणीसशे चौतीस साली क्रांतीच्या लढाईत डोंगरात गोळी लागून मेला; त्याचं नाव हुतात्म्यांच्या शिळेवर घाला. त्याला मरताना पाहणाऱ्यानं तसं लिहून द्यायला हवं होतं. असा माणूस एकच जिवंत होता, खुद्द थानसाहेब. पण साहेबांनी पक्षाच्या चौकशीच्या फायलीत सात वेळा लिहून दिलेलं : ‘त्या दिवशी मी पलीकडच्या डोंगरावर होतो.’ होते कुठे? वीस पावलांवर, झुडपात पालथे. दारू चढल्यावर स्वतःच सांगून बसले होते. दरवर्षी अर्जावर वर्तुळ.

साहेब निवृत्त झाले त्याच शरदात वहिनी त्यांच्या घरी आल्या. मी चहाला होतोच.

“भावजी, खुर्ची गेली. आता कसली भीती?”

“कागद ठेवा वहिनी. बघतो.”

“बघितलंत चौतीस सालीच. आता लिहा.”

“लिहा हो साहेब,” मी म्हटलं, “नाहीतर ही बाई मुक्कामाला राहील.”

साहेबांनी पेन उचललं. ताटावरची माशी हाकलावी तसा हात फिरला. वर्तुळ. या कागदावर त्यांचं नाव नव्हतंच.

“आत कुणीच नाही,” वहिनी म्हणाल्या. “नाव घाला.”

चहा गार झाला. मग साहेबांनी वर्तुळात सावकाश लिहिलं : लुओ शिछुन.

“हे यांचं. तुमचं कुठाय?”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि आत हाक मारली, “भात झाला का?”

साक्षीदाराचं नाव नाही म्हणून कचेरीनं कागद परत पाठवला. वहिनींनी तो चुलीमागच्या भिंतीवर खळीनं चिकटवला. नव्या वर्षाला, पितरांना ठेवावा तसा, त्यापुढे भाताचा वाडगा ठेवतात, जोडीला जेवायच्या काड्याही.

मी हे थानसाहेबांना सांगितलं. ते “हं” म्हणाले आणि मुरवलेल्या मिरच्यांची बरणी माझ्याकडे सरकवली.