ताजबीचं पाणी आणि माझी मूळची बॅटरी

वकिली करता करता मी खोट्या साक्षी पाहिल्या, खऱ्या साक्षी उलटताना पाहिल्या, भर कोर्टात न्यायाधीशांना डुलक्या घेतानाही पाहिलं. पण आरोपीला न बोलावता, एकही साक्षीदार न तपासता, चारचौघांत शिक्षा ठोठावल्याचा खटला मी आयुष्यात एकच पाहिला. त्यात न्यायाधीश मीच होतो, आणि आरोपी होती ताजबी.

ताजबी शिवाजी पेठेत राहायची. गुलाबपाणी काढणं हा तिच्या सासरचा पिढीजात धंदा. नवरा मानमोडीच्या तापात गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा धंदा तिनं एकटीनं सांभाळला. कळंब्याकडच्या मळ्यातून टोपल्यांनी गुलाब यायचे. अंगणातल्या चुलीवर आतून कल्हई केलेला तांब्याचा मोठा हंडा, त्यावर घट्ट झाकण, सांधे कणकेनं लिंपलेले, आणि झाकणातून निघालेली बांबूची नळी गार पाण्यात बुडवलेल्या सुरईत सोडलेली. हंड्यातली वाफ नळीतून जायची आणि सुरईत थेंब थेंब जमायची. गावातल्या लग्नांत पाहुण्यांवर शिंपडलं जाणारं निम्मं गुलाबपाणी तिच्याकडचं असे. बाई उंच, हाडापेरानं मजबूत आणि तोंडानं फटकळ. कुणी घासाघीस करू लागला की म्हणायची, "पावणं, नदीला पानी फुकाट हाय. तितनं न्या."

अशा बाईचा मोटारीशी संबंध आला तो माझ्यामुळे. शाहू महाराजांच्या कारकिर्दीची ती शेवटची वर्षं. कोल्हापुरात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि १९१९च्या फेब्रुवारीत माझी मोटार मुंबईहून रेल्वेनं आली. बटण दाबलं की सुरू होणारी! ही सगळी किमया बॅटरीची, असं मला सांगण्यात आलं. लाकडी पेटी, वर तीन तोंडं, आत शिशाच्या पट्ट्या आणि तेजाब. गाडीबरोबरच्या पुस्तकात बजावलं होतं की आतलं पाणी आटलं की फक्त वाफेचं पाणी घालावं, दुसरं कुठलंही चालणार नाही. दवाखान्यातला कंपाउंडर तसलं पाणी चमचाभर द्यायलाही कुरकुरायचा. मी डोक्याला हात लावून बसलो, तेव्हा माझा ड्रायव्हर जोतीराम म्हणाला, "वाफेचंच पानी न्हवं? आमच्या पेठंत ताजबीकडं रोज निघतंय की."

ताजबीनं या कामासाठी वेगळी नळी केली. हंडा राखेनं घासून घ्यायची, नुसतं पाणी चढवायची. तरी बाटल्या गुलाबपाण्याच्याच असल्यामुळे पुसट वास यायचा. बघता बघता गावातल्या पाचसहा मोटारींना तिचं पाणी जाऊ लागलं. गुलाबाचा हंगाम सरला की तिची चूल या पाण्यावरच पेटायची. ती स्वतः मोटारीत कधी बसली नव्हती, पण कुठल्या गाडीला महिन्याला किती बाटल्या लागतात हे तिला तोंडपाठ असे.

एकवीस सालच्या उन्हाळ्यात जोतीराम तिचा निरोप घेऊन आला. "ताजबी म्हनती, सायबास्नी सांग, दिवाळीच्या आत नवी बॅटरी मागवा. आपली लई पानी प्याय लागलीया. पयल्या वर्साला म्हैन्याला एक बाटली, अवंदा तीन. म्हातारी झाली म्हनं."

मी मोठ्यानं हसलो. गाडीच्या रंगावर ओरखडा नाही, गाद्या नव्यासारख्या, आणि त्याच गाडीची बॅटरी म्हातारी? शिवाय ती मूळची, खुद्द कंपनीनं बसवलेली. गाडीबरोबर आली ती गाडीबरोबरच जाणार, अशी माझी पक्की समजूत होती. जोतीरामनं चाचरत सांगून पाहिलं की सकाळी बटण दाबलं की यंत्र जडपणानं फिरतं, इंजिन बंद असलं की दिवे मिणमिणतात. "गुलाबपाणीवाली आता मला मोटार शिकवणार का?" असं म्हणून मी त्याला गप्प केलं.

दसरा आला. खंडेनवमीला गाडीची झोकात पूजा झाली, झेंडूच्या माळा चढल्या. दुसऱ्या दिवशी सोनं लुटायला आम्ही माळावर गेलो. गाडीत पाहुणे म्हणून बाहेरगावचे एक न्यायाधीश होते. परतताना जोतीरामनं बटण दाबलं. यंत्र एकदा कण्हलं आणि गप्प झालं. हँडल मारमारून जोतीराम घामाघूम झाला, पण या गाडीची ठिणगीसुद्धा बॅटरीवरच पडायची, त्यामुळे हँडलचा काही उपयोग नव्हता. अखेर बैलजोडी आणून गाडी ओढावी लागली. सारा गाव माळावर लोटलेला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "वकीलसाब, बैलास्नी पेट्रोल किती लागतंय?" न्यायाधीशही हसले.

माझं डोकं फिरलं. तिथंच उभं राहून मी मोठ्यानं म्हणालो, "हे त्या ताजबीचं काम. तिच्या पाण्यानं माझी बॅटरी खाल्ली. नाहीतर बॅटरी जाणार हे तिला सहा महिने आधी कसं कळलं?"

युक्तिवाद वकिलाचा होता. लोकांना तो लगेच पटला.

आठवडाभरात बाकीच्या मोटारवाल्यांनी तिचं पाणी बंद केलं. मग गोष्टीला पाय फुटले. ताजबीच्या पाण्यात तेजाब असतं, अंगावर शिंपडलं की कातडी भाजते, इथपर्यंत मजल गेली. तुळशीची लग्नं लागली, माणसांची लग्नं सुरू झाली, पण तिच्या दाराशी कुणी फिरकेना. जोतीराम हे मला सांगायचा आणि मी तोंडासमोर वर्तमानपत्र धरायचो. नवी बॅटरी मी मुंबईला पत्र घालून मागवली होती. ती येईपर्यंत टांग्यानं कोर्टात जायचो आणि टांग्यात बसल्याबसल्या ताजबीवर चरफडायचो.

एका सकाळी ती आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. बगलेत एक बाटली. माझी थोरली विधवा बहीण, आक्का, कट्ट्यावर वाती वळत बसली होती.

"काय काम काढलंस?" मी विचारलं.

"काम न्हाय. दावायचं हाय. शेगडी पेटवाय सांगा, आन् दोन लोखंडी पळ्या द्या."

शेगडी पेटली. एका पळीत तिनं आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं, दुसरीत आमच्या विहिरीचं. दोन्ही पळ्या निखाऱ्यावर धरल्या. पाणी आटेल तसं ती दोन्हींत पुन्हा पुन्हा ओतत गेली, तिची बाटली संपेपर्यंत. तिची पळी लखलखीत कोरडी राहिली. आमच्या विहिरीच्या पळीत पांढरा थर धरला.

"ह्यो थर बॅटरीत बसतोय," ती म्हणाली. "माज्या पान्यात हाय का? वकील हाईसा न्हवं? बगा की पुरावा."

"मग तुला आधी कसं कळलं?" मी माझं एकमेव हत्यार काढलं.

"अवो, म्हातारं मानूस सारखं पानी मागाय लागलं की घरच्यास्नी कळतंय. आन् मी इख घातलं असतं तर तुमाला आदी निरोप कशाला धाडला असता?"

हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. कुठल्या नवख्या वकिलानं तो विचारायचा सोडला असता तर मी त्याला झापलं असतं.

इतक्यात आक्का उठली. देवघरात जाऊन पंचपात्र घेऊन आली आणि आणखी एक पळी ताजबीपुढे धरली. "यात हे घाल. अंबाबाईचं तीर्थ आहे." तेही आटलं. पळीच्या तळाशी पिवळट, चिकट कडं उरलं. आक्कानं पंचपात्र खाली ठेवलं. "दर खंडेनवमीला मी त्या पेटीच्या तिन्ही तोंडांत पळी पळी तीर्थ घालत होते," ती मला म्हणाली. "गाडीला देवीचं पाणी लागावं म्हणून. झाकणं जोतीराम उघडून द्यायचा. माझंच चुकलं रे."

खरं सांगतो, मला क्षणभर बरं वाटलं. गुन्हेगार सापडला होता आणि तो मी नव्हतो. ताजबीनं फक्त 'व्हय' म्हणायचं, की तिच्यावरचा डाग धुतला जाणार होता.

ती म्हणाली, "आक्का, वर्साला तीन पळ्यांनी काय व्हतंय? रडू नगासा. बॅटरीचं वय झालतं. आपला मुलूख उनाचा. पावनेतीन वर्सं म्हंजी लई झालं की."

आक्कानं चहाचं विचारलं. "पुन्यांदा कवातरी," म्हणून ती रिकामी बाटली घेऊन निघून गेली.

चार दिवसांनी मुंबईहून नवी बॅटरी आली. सोबत व्यापाऱ्याचं पत्र होतं. त्यानं लिहिलं होतं की गरम हवेत मूळची बॅटरी बहुधा दोन वर्षांत थकते. आपली दोन वर्षं आठ महिने चालली, म्हणजे तिला पाणी फार चांगलं मिळालेलं दिसतं. नवीलाही तेच घालावं, आणि दोन वर्षं झाल्यावर तिच्यावर नजर ठेवावी. पत्र मी दोनदा वाचलं. जोतीरामला नवी बॅटरी बसवायला सांगितली आणि त्याच दुपारी गाडी बाहेर काढली. आधी पाच मोटारवाल्यांच्या दारी गेलो. प्रत्येकाला सांगितलं की ताजबीचं पाणी निर्मळ आहे, मी चुकलो. 'मी चुकलो' हे दोन शब्द पहिल्या दारी मी नुसते पुटपुटलो. पाचव्या दारापर्यंत जरा सवय झाली.

मग पेठेत गेलो. ताजबी अंगणात सुपातल्या वाळक्या पाकळ्या निवडत बसली होती.

"ताजबी, मला पाणी हवंय. बाकीचेही माणसं धाडतील. मी सगळ्यांना सांगून आलोय, चूक माझी होती." मी पत्रही वाचून दाखवलं. "तुमच्या पाण्यानंच ती आठ महिने जास्त चालली."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हनुवटीनं चुलीकडं खूण केली. चुलीवर काहीच नव्हतं. "हंडा तांबटाला इकला, साहेब. आतापातुर मोडून पत्रा केला आसंल."

"कधी?"

"तुमच्याकडं यायच्या आदल्या दिवशी."

"मग त्या दिवशी आणलेलं पाणी?"

"तेवढीच बाटली ऱ्हायलीती."

ती बाटली तिनं माझ्या अंगणात पळी पळी जाळून दाखवली होती. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. "हंडा गेला होता, धंदा बसला होता," मी म्हणालो, "मग तुम्ही आलात कशाला?"

ताजबीनं सूप बाजूला ठेवलं. "पानी खोटं न्हवतं, साहेब. येवढं तुमाला कळाय पायजे व्हतं."

बाहेर जोतीराम गाडी सुरू ठेवून उभा होता. मी त्याला इंजिन बंद करायला सांगितलं आणि तिच्या पायरीवर बसलो.