मामाजींचा पाण्याचा कॅन

माणसाआधी त्याच्या बॅटरीची विचारपूस करणारा साऱ्या नागपुरात एकच गृहस्थ आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं नशीब. मामाजींनी उभी हयात वाडीच्या एका गोदामात माल उचलणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या सांभाळण्यात घालवली. ॲसिडच्या थेंबांनी त्यांच्या एकूण एक सदऱ्याला भोकं पडली आहेत, आणि तेच सदरे ते लग्नालाही घालतात. धंतोलीच्या दवाखान्यात माझ्या सासूबाईंना भेटायला आले आणि पाच मिनिटांत गायब झाले. शोधलं तर खाली एका ई-रिक्षाची सीट उचलून रिक्षावाल्याला ऐकवत होते, "शिशाची बॅटरी म्हैस हाय गा. वजनदार, पण टाइमावर पाणी पाजलं आन अर्ध्याच्या खाली पिळली नाही, त निभावते. लिथियम म्हणजे बकरी. हलकी, लवकर चरते, पाणी नाही मागत. फक्त आपल्या उन्हात बांधू नको तिले." "मंग मी कोणती घेऊ जी?" "तू आळशी अशीन, त लिथियम घे." मी विजेची स्कूटर घ्यायला निघालो तेव्हा तर शोरूममध्ये त्यांनी मला रंगही विचारू दिला नाही. "लिथियम हाय, थे ठीक. पण उन्हात टिकणारी लोखंड-फॉस्फेटवाली का दुसरी?" विक्रेता आत विचारायला गेला, तो परत आलाच नाही.

आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी शिशाची. तिला पाणी पाजायला मामाजी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रताप नगरहून हजर, हातात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन. एकदा मी फिल्टरचं पाणी घातलं होतं, तेव्हा ते आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते.

अशाच एका रविवारी माझे साहेब सहकुटुंब जेवायला आले होते. दारात मामाजी उभे, तोच भोकांचा सदरा. मला त्यांची लाज वाटली. मी दार अर्धंच उघडून म्हणालो, "मामाजी, आता आम्ही लिथियम घेतली. पाणी लागत नाही." त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. जुनी बॅटरी जिन्याखाली जागच्या जागी होती.

"बरं झालं जी. उन्हापासून जपजा तिले," एवढं बोलून ते भरलेला कॅन घेऊन परतले.

पुढे ते आले नाहीत, आणि बॅटरीला पाणी घालायचं मीही विसरलो. मेमध्ये दुपारभर वीज गेली तरी आमचा पंखा फिरत राहिला, तेव्हा मी चकित होऊन बॅटरी पाहिली. सहाही कप्पे खुणेपर्यंत भरलेले. बायकोला विचारलं तर ती खाली बघून म्हणाली, "मामा येतेत ना. तुम्ही ऑफिसात गेले का पाणी घालून जातेत. मले म्हणे, जवाईबापूले सांगू नको, त्याईले उगाच खराब वाटंन."

इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती. माफी मागायची म्हणून दोनदा निघालो आणि चौकातून परतलो.

यंदा त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. मागल्या रविवारी शेवटी गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "तुमची लिथियम कशी हाय जी?"

"बरी आहे," मी म्हणालो. पाठ केलेली माफी सोडून मी त्यांच्या गुडघ्यांचं विचारलं.

त्यांनी मान डोलावली आणि पलंगाखालचा कॅन पायाने माझ्याकडे सरकवला. "हे घेऊन जा. माह्याच्यानं आता इथला जिना उतरणं होत नाही. कुंड्यायले घालजा."

आमच्या घरी एकही कुंडी नाही, हे त्यांना माहीत आहे. मी कॅन उचलला, त्यांच्या पाया पडलो आणि घरी येऊन बॅटरीला पाणी घातलं.