ग्रहणात चिरलेला कांदा

पिंपळगाव रेणुकाईच्या उपकेंद्रातली कहकशा सिस्टर भलती चौकस. काहीही सांगा, तिचं आपलं "कशावरून?" गाव वैतागतं. मला मात्र ती आवडते.

माझ्या शेजारच्या सगुणाबाईंच्या सुनेला, तृप्तीला, मुलगी झाली ती फाटक्या ओठाची. ऑपरेशननं ओठ जुळणार होता, पण सगुणाबाईंचं एकच पालुपद: पोटुशी असताना हिनं ग्रहणात भाजी चिरली. चिरली होती हे खरं. बिचारी तृप्ती स्वतःलाच दोषी समजून लेकराला जवळ घ्यायलाही बिचकायची.

सिस्टरला ते बघवेना. तिच्या घरीही अशा बाळाला 'गहन लगा', म्हणजे ग्रहण लागलं, असं म्हणतात. "पण चिरूनही ज्यांची लेकरं चांगली निघाली, त्यांना कुणी विचारलंय का?" ती मला म्हणाली. तिनं चार खण आखले. चिरलं, नाही चिरलं. ओठ फाटका, ओठ चांगला. चारही खणांत माणसं मोजायची आणि संख्याशास्त्रातली काय-वर्ग (काय-स्क्वेअर) कसोटी लावायची. दोन गोष्टींचा खरंच संबंध आहे की नुसता योगायोग, याचा त्यातून अंदाज येतो म्हणे.

तालुक्याच्या शिबिरात तिनं फाटक्या ओठाच्या लेकरांच्या आया गाठल्या. त्या रडत म्हणाल्या, चिरलं होतं. मग गावात घरोघर फिरून चांगल्या लेकरांच्या आयांना विचारलं. त्या सगळ्या म्हणाल्या, न्हाई बाई! झालं, कसोटीनं सगुणाबाईंच्याच बाजूनं कौल दिला. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

सिस्टर प्रामाणिक. तोंड पाडून सगुणाबाईंकडं आली आणि सांगून मोकळी झाली. "मावशी, हिशेब तर तुमचंच बोलून राह्यला. पण गावात एकीनंही चिरलं न्हाई, हे मला बराबर वाटंना."

"विचारलं कुठं?" मी मधेच म्हटलं.

"ओसरीवरच. सासवा बसल्या होत्या."

सगुणाबाईंना हसू फुटलं. "येडी का खुळी तू? सासूम्होरं कोण कबूल व्हईल? भागवतच्या वेळी मी कांदा चिरल्ता ग्रहणात. सासूला सांगितलं का मी?"

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. त्यांचा धडधाकट भागवत, तृप्तीचा नवरा, अंगणात गाडी पुसत होता. तृप्ती दारातच उभी होती. ती म्हणाली, "मंग माझ्या लेकराला असं का झालं, आत्या?"

सगुणाबाईंनी सिस्टरकडं पाहिलं.

"ते कुणालाच नीट ठाऊक न्हाई," सिस्टर म्हणाली. "मी पुन्हा विचारणार हाय. एकेकीला, एकटीला."

"पहिलं माझं लिही," सगुणाबाई म्हणाल्या आणि तृप्तीपुढं हात पसरले. "आण इकडं तिला. वाटी-चमचा बी आण, तिला नीट वढता येत न्हाई. मी पाजते."